संवादातलं शहाणपण: ताट, पाट आणि बक्षीसपत्र
(नाटक-सिनेमातली वाक्यं खऱ्या आयुष्यात उपयोगी पडतात का, यावर टोपणनावांनी झालेली चर्चा)

तिसरी घंटा
नाटक-सिनेमा-मालिकांतल्या वाक्यांवर आयुष्य चालत नाही, असं म्हणायची पुण्यात फॅशन आहे. मला ते पटत नाही. चांगला संवाद व्याख्यानापेक्षा जास्त दिवस डोक्यात राहतो आणि वेळेवर आठवतो. उदाहरणादाखल एकच वाक्य घेतो: 'समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये.' बोल जुन्या माणसांचे, पण घराघरांत पोचले ते शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मुळे (१९७०).

बांधणी बघा. ताट दिलं तर उद्या दुसरं वाढून घेता येतं. पाट गेला की माणूस जमिनीवर. खर्चायची वस्तू वेगळी आणि बसायचा हक्क वेगळा, हा फरक आठ शब्दांत आणि यमकात. निवृत्तीनंतर फ्लॅट मुलांच्या नावावर करायला निघालेल्याला याहून नेमकं काय सांगणार?

शंकासुर, सदाशिव पेठ
आठ शब्द मोजलेत, पण नाटकाचा शेवट मोजला नाहीत. 'नटसम्राट'चे नायक, नट बेलवलकर सगळं वाटून मोकळे होतात आणि पुढे रस्त्यावर येतात. हे सांगणारी माणसं त्यांच्या घरातच होती. उभा जन्म शब्दांवर काढलेल्या नटाला जे वाक्य अडवू शकलं नाही, ते सकाळी सातला 'शुभ सकाळ'च्या गुलाबावर वाचणाऱ्याला कसं अडवेल?

दुसरं, बोलतो कोण ते कुणी बघत नाही. 'जो डर गया, समझो मर गया' हे रिक्षांच्या मागे आणि व्यायामशाळांच्या भिंतींवर दिसतं. 'शोले'त (१९७५) ते गब्बरचं आहे, आणि हात हलवत परतलेल्या स्वतःच्याच तीन माणसांना गोळ्या घातल्यावरचं आहे. ते तिघे घाबरले असतील तर त्यालाच. म्हणजे हे शौर्याचं सुभाषित नाही, मालकाने नोकरांना दिलेली धमकी आहे. भिंतीवर रंगवली की धमकीचं बोधवाक्य होतं.

ओवीकार
दोघांच्या मधला मुद्दा सुटतोय: वाक्य अर्धं तोडलं की उलटं होतं.

'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' सगळ्यांना पाठ आहे. हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक, आणि त्याचा शेवट 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' असा आहे. म्हणजे काही न करण्याचीही ओढ धरू नकोस. हा शेवट गाळला की 'आपल्या हातात काय आहे' म्हणत हातावर हात ठेवून बसणाऱ्यालाही तोच श्लोक चालतो. दासबोधात तसंच. 'आधीं प्रपंच करावा नेटका' इथे लोक थांबतात. पुढचं 'मग घ्यावें परमार्थविवेका' कुणाला नको असतं.

तुकोबांची गंमत आणखी वेगळी. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' त्यांचंच आणि 'असाध्य ते साध्य करिता सायास'ही त्यांचंच. दोन्ही खरी आहेत, पण एकाच माणसाला एकाच दिवशी नाही. परीक्षेत नापास झालेल्याला पहिलं ऐकवलं तर तो झोपेल. आयसीयूच्या दाराशी बसलेल्याला दुसरं ऐकवू नका, एवढंच.

आता वाक्य खरंच कुणाचं आणि पूर्ण कसं आहे, ते तपासायचं कसं. दासबोध सोपा, कारण त्याला पत्ता असतो: दशक, समास, ओवी. वरची ओवी १२-१-१. तुकोबांच्या गाथेत लोक हमखास अडकतात. मागची सूची अभंगाच्या पहिल्या शब्दांवरून लावलेली असते आणि आपल्याला पाठ असतं ते मधलं किंवा शेवटचं चरण. सूचीत सापडलं नाही म्हणून 'तुकोबांचं नाही' असा निकाल देऊ नये. अभंगाचं ध्रुपद किंवा सुरुवात आठवत असलेला माणूस गाठावा. शिवाय पाठभेद असतात. 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' यातलं 'कासेची' हे सभ्य केलेलं रूप आहे, गाथेतला शब्द जास्त रांगडा आहे. नाटकाचं असेल तर छापील संहिता काढून प्रवेश बघा. अप्पा बळवंत चौकात विकत मिळेल, नाहीतर नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहेच.

आणि पुलं, वपु यांच्या नावाने फिरणाऱ्या मजकुराला एक चाळणी पुरते. पुलं १२ जून २००० ला गेले, वपु २६ जून २००१ ला. व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ मध्ये. मजकुरात 'ब्लू टिक' असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

मुद्रांक
ताट-पाटाचं कागदावर काय होतं ते सांगतो, कारण वाक्य पाठ असलेली माणसंही इथेच चुकतात.

बक्षीसपत्र म्हणजे हयातीतच मालमत्ता मोबदल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर करून देणं, म्हणजेच पाट देणं. ते नोंदवावंच लागतं, दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलं किंवा नातवंडांना दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, अधिभार वेगळा. या दोनशे रुपयांच्या मोहाने घाई होते. एकदा झालेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द होत नाही.

मृत्युपत्र म्हणजे ताट पुढे ठेवणं, पण पाटावर बसून. त्याला मुद्रांक नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते लाभार्थींपैकी नसले की पुढचे वाद टळतात. बुद्धी शाबूत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं.

बक्षीसपत्रच करायचं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्दबातल ठरवू शकतं. आपल्याकडे अर्ज प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. गोम 'अटीवर' या शब्दात आहे. दस्तलेखकाचा छापील नमुना म्हणतो 'प्रेमापोटी व आपुलकीने', आणि अट कुठेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अट असल्याचं दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ च्या निकालात वृद्धेच्या बाजूने उदार अर्थ लावला, पण तिथेही सांभाळाची हमी देणारं वेगळं वचनपत्र पुढे आलं होतं.

शंकासुर, सदाशिव पेठ
म्हणजे शहाणपण कलम २३ मध्ये आहे, संवादात नाही. माझंच म्हणणं झालं. उलट 'पाट देऊ नये' एवढंच धरून बसलेले मृत्युपत्रही करत नाहीत. सोसायटीत नॉमिनी लावला की काम झालं असं समजतात. नॉमिनी विश्वस्त असतो, मालक नव्हे. मग मागे राहिलेले वारस दाखल्यासाठी फिरतात. तुमच्या सुंदर वाक्यात ही पळवाट बुजवणारा शब्द नाही.

तिसरी घंटा
वाक्याकडून दस्ताचं काम मागताय. त्याचं काम दस्ताच्या आधीचं आहे. मुलगा-सून समोर बसलेली, चहा आलेला, आणि वडिलांचा मित्र म्हणतो, 'बक्षीसपत्रात अट घाला.' त्याच क्षणी तो त्या घरातून बाद. तोच मित्र 'अहो, ताट द्या, पाट नका देऊ' म्हणाला तर सून हसते, विषय निघतो आणि कुणावर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही. कायदा २००७ चा, नाटक त्याच्या ३७ वर्षं आधीचं. इतकी वर्षं हा विषय घरात काढायला लोकांकडे दुसरी कोणती सभ्य भाषा होती?

बेलवलकरांनी ऐकलं नाही, हे खरं. ते ऐकत नाहीत म्हणूनच प्रेक्षकाच्या लक्षात राहतं.

शंकासुर, सदाशिव पेठ
चहाचा मुद्दा मान्य. गब्बरचा सोडत नाही.

मुद्रांक
चहानंतरचं मग एवढं करा. मसुद्यात 'सांभाळ करीन' असं मोघम लिहू नका. कायद्याच्या व्याख्येतलेच शब्द घ्या: अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. हयातभर राहण्याचा हक्क बक्षीसपत्रातच राखून ठेवता येतो, तो ठेवा, आणि खोली कोणती तेही लिहा. नुसतं 'घरात राहण्याचा हक्क' लिहिलं की हॉलमधला दिवाणही घरच ठरतो.