शब्दचर्चा : ‘बायनरी’ला ‘द्विमान’ म्हणावं का? आणि ‘फाइल उघडली नाही’ म्हणजे नेमकं काय?

(अर्धविराम, उघडझाप, कानामात्रा आणि शून्यान्त या चौघांची चर्चा)

अर्धविराम

सी भाषेवरच्या मराठी टिपणांत तीन शब्द दर वेळी वेगळेच भेटतात. एक, फाइल उघडणाऱ्या एफओपन फंक्शनच्या मोडमधला, म्हणजे फाइल कशी उघडायची ते सांगणाऱ्या अक्षरांमधला ‘बी’ : कुणी ‘द्विमान पद्धत’ लिहितं, कुणी ‘बायनरी मोड’. दोन, ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह : ‘नवी ओळ’, ‘ओळखंड’, ‘ओळअखेर’. तीन, एरर मेसेज : ‘फाइल उघडली नाही’. विंडोज, लिनक्स, मॅक यांपैकी कुठेही बसलेल्या वाचकाला चकवणार नाहीत असे शब्द हवेत. फंक्शनांची नावं आणि मोडची अक्षरं आपण तोंडाने म्हणतो तशीच इथे लिहू.

उघडझाप

‘द्विमान’ नको. द्विमान ही शून्य-एकची अंकपद्धत. तो शब्द वाचला की वाटतं, ‘बी’ फाइलच्या पोटात काय आहे ते सांगतो. तसं नाही. डिस्कवर मजकुराची फाइल आणि चित्राची फाइल सारख्याच, दोन्ही नुसत्या बाइटांच्या रांगा. ‘बी’ सांगतो ते लायब्ररीला : मधे हात घालू नकोस.

हात म्हणजे काय ते दोन ओळींच्या फाइलवर दिसतं. पहिल्या ओळीत ‘क’, दुसऱ्या ओळीत ‘ख’, यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट ठरवणाऱ्या पद्धतीत. लिनक्सवर ‘डब्ल्यू’ या लिहायच्या मोडने लिहिली तर ८ बाइट :

२२४ १६४ १४९ १० २२४ १६४ १५० १०

तोच प्रोग्रॅम विंडोजवर चालवला तर १० बाइट :

२२४ १६४ १४९ १३ १० २२४ १६४ १५० १३ १०

१० हे ओळीच्या शेवटचं चिन्ह. प्रोग्रॅमने १३ कुठेच लिहिलेला नाही. तो लायब्ररीने प्रत्येक १० च्या आधी घुसवला. ‘आर’ या वाचायच्या मोडने वाचताना तीच १३-१० ची जोडी परत एकटा १० होते, म्हणून विंडोजच्या विंडोजवर सगळं आलबेल दिसतं आणि फाइल दुसरीकडे नेली की घोळ सुरू होतो. लिनक्सवर आणि आजच्या मॅकवर ‘बी’ लावला काय, न लावला काय, फरक शून्य. म्हणूनच तिकडे लिहिलेल्या कोडमधून तो हमखास गळतो.

तेव्हा शब्द असा : ‘आरबी’ म्हणजे ‘जशीच्या तशी वाच’, ‘डब्ल्यूबी’ म्हणजे ‘जसंच्या तसं लिही’.

कानामात्रा

मुद्दा पटला, पण मोडचं नाव म्हणून ‘जशीच्या तशी’ लांबलचक होतं. शिवाय ‘बायनरी’ रूढ आहे, कागदपत्रं शोधायला तोच शब्द लागतो. नाव ‘बायनरी मोड’ ठेवावं आणि समजावताना ‘जशीच्या तशी’ म्हणावं. आणि ‘टेक्स्ट मोड’ला ‘मजकूर मोड’ म्हणण्यापेक्षा ‘ओळी जुळवून घेणारा मोड’ म्हटलं तर त्याचं खरं काम कळतं. मजकुराची फाइलसुद्धा ‘आरबी’ने उघडता येते, त्यात काही पाप नाही. फक्त ती विंडोजवर लिहिलेली असेल तर ओळीच्या शेवटी १३ शिल्लक राहतो आणि तो आपला आपण काढायचा असतो. तो राहिला तर दोन मजकूर ताडून बघणारं एसटीआरसीएमपी ‘होय’ आणि ‘होय’ एक मानत नाही, आणि पडद्यावर पाहून कारण दिसत नाही.

उघडझाप

चालेल. पण टेक्स्ट मोड नुसता ओळी जुळवून थांबत नाही. विंडोजवर वाचताना २६ क्रमांकाचा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, आला की तो ‘फाइल संपली’ असं सांगून मोकळा होतो. हा वारसा सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजली जाई, त्यामुळे शेवटच्या तुकड्यात मजकूर कुठे थांबला ते दाखवायला एक खूण लागायची.

याचा सगळ्यात देखणा नमुना पीएनजी चित्रांत सापडतो. त्यांचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत :

१३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०

विंडोजवर ‘आर’ने उघडून बाइट वाचणाऱ्या एफरीडला हे आठ बाइट मागा. पाच मिळतील : १३७ ८० ७८ ७१ १०. मधला १३ गायब, आणि २६ आला तिथेच वाचन बंद. हा योगायोग नाही. फाइल वाटेत कुणी ‘जुळवून’ घेतली असेल तर सुरुवातीलाच पकडली जावी म्हणून ती आठ जागांची सही मुद्दाम तशी रचली आहे.

शून्यान्त

ओळीच्या शेवटाबद्दल. १३ म्हणजे कॅरेज परत डावीकडे, १० म्हणजे कागद एक ओळ वर. टेलिप्रिंटरवर या दोन वेगळ्या हालचाली होत्या. विंडोजने दोन्ही ठेवल्या, युनिक्सने १० ठेवला, आणि मॅक ओएस ९ पर्यंतच्या मॅकने १३. म्हणून ‘नवी ओळ’ हा शब्द जरा फसवा. तो ऐकून वाटतं की चिन्ह दोन ओळींच्या मधे येतं, पुढची ओळ असेल तरच. युनिक्सच्या रिवाजात ते ओळीचा शेवट आहे, श्लोकाच्या शेवटच्या दुहेरी दंडासारखं. पुढे काही असो नसो, दंड पडतोच. शेवटच्या ओळीलाही तो हवा का, हे सीच्या मानकाने प्रत्येक अंमलबजावणीवर सोडलं आहे. तेव्हा लिहिताना टाकावा आणि वाचताना गृहीत धरू नये. ओळ वाचणाऱ्या एफगेट्सने आणलेल्या ओळीतलं शेवटचं अक्षर न बघता कापणारा कोड इथेच शेवटच्या नावाचं शेपूट तोडतो.

माझं मत ‘ओळअखेर’ला. ‘ओळखंड’ नको, तो ओळीचा तुकडा वाटतो.

अर्धविराम

‘ओळअखेर’ मान्य. आता ‘उघडली नाही’कडे वळू.

कानामात्रा

इथे मराठीचीच मेख आहे. ‘उघडणे’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘दार उघडलं’ यात कुणी उघडलं की वाऱ्याने, ते कळत नाही. तसंच ‘फाइल उघडली नाही’ याचे दोन अर्थ : उघडायचा प्रयत्न झाला आणि फसला, किंवा कुणी उघडायला गेलंच नाही. एरर मेसेजला पहिलाच अर्थ हवा. तेव्हा ‘फाइल उघडता आली नाही’. एवढ्या ‘ता आली’ने काम होतं.

आणि पुढे कारण हवंच. एफओपनने नल दिला, म्हणजे उघडणं फसलं, की एररनो हा चुकीचा आकडा लगेच एका इंटमध्ये (पूर्णांकाच्या चलात) उचलून ठेवा, मधे प्रिंटएफ आला तरी त्याची किंमत बदलू शकते. नेहमी भेटणारे आकडे तीन : २ म्हणजे त्या नावाचं काही सापडलं नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २४ म्हणजे एका प्रोसेसला जेवढ्या फाइली उघड्या ठेवता येतात तेवढ्या झाल्या. २४ दिसला की बहुतेक वेळा कुठल्या तरी लूपमध्ये फाइल बंद करणारा एफक्लोज लिहायचा राहिलेला असतो. कोडमध्ये मात्र आकडे लिहू नका, अनुक्रमे ईएनओईएनटी, ईएसीसीईएस, ईएमफाइल ही नावंच वापरा.

उघडझाप

फोल्डरच चुकून एफओपनला दिला तर विंडोजवर १३ मिळतो आणि माणूस परवानग्या तपासत बसतो. लिनक्सवर उलट गंमत : ‘आर’ने फोल्डर बिनबोभाट उघडतो आणि पहिल्या वाचनाला २१, म्हणजे ‘हा फोल्डर आहे’, येतो. म्हणजे ‘उघडली’ हाही पुरावा नव्हे.

शून्यान्त

एररनो २ चं मूळ पुष्कळदा ‘पाथ’ या शब्दात असतं. ‘मार्ग’ म्हटलं की सगळे मार्ग सारखेच वाटतात. मराठीत आयते दोन शब्द आहेत, ते वापरू : पूर्ण पाथ म्हणजे ‘पत्ता’, सापेक्ष पाथ म्हणजे ‘वाट’. पत्ता कुठूनही सांगा, तोच राहतो. वाट मात्र तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. ‘डेटा/यादी’ ही वाट आहे, आणि प्रोग्रॅम उभा असतो तो चालू फोल्डरमध्ये. एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची चालणारी फाइल, ज्या फोल्डरात आहे तिथेच तो उभा असेल असं नाही. टर्मिनलमधून चालवला की एक जागा, एडिटरच्या बटणाने चालवला की दुसरी. म्हणून मेसेजमध्ये गेटसीडब्ल्यूडीने मिळालेला चालू फोल्डरही छापावा :

‘डेटा/यादी’ उघडता आली नाही : या नावाची फाइल सापडली नाही. शोध इथून सुरू झाला : …

तीन टिंबांच्या जागी जे छापलं जातं, त्यात निम्म्या तक्रारींचं उत्तर असतं.

तिरक्या रेघेबद्दलही एक. विंडोजच्या पत्त्यात उलटी तिरकी असते, पण सीच्या अवतरणात उलटी तिरकी म्हणजे सुटकेची खूण (एस्केप). तिच्यापुढे एन आला की ओळअखेर, टी आला की टॅब, आणि पत्ता आतून फाटतो. कंपाइलरही गप्प राहतो. मोठा यू आला, जसा ‘युजर्स’ फोल्डरात येतो, तर कंपाइलर तिथेच अडतो. ते बरं. उपाय सोपा : साधी सुलटी तिरकी लिहा. विंडोजचं एफओपनही ती मुकाट्याने घेतं.

अर्धविराम

फाइलचं नावच मराठीत असेल तर? ‘यादी’ लिनक्सवर उघडते, विंडोजवर एररनो २.

उघडझाप

लिनक्सच्या कर्नलला नाव म्हणजे बाइटांची माळ. सुलटी तिरकी आणि शून्य सोडून काहीही चालतं. ‘यादी’चे यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट, ते जसेच्या तसे जातात. विंडोजचं एफओपन मात्र ते बाइट चालू कोडपेजमधून, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर ते सांगणाऱ्या तक्त्यातून वाचतं, आणि देवनागरीसाठी चालू कोडपेज म्हणून लावता येईल असा जुन्या धर्तीचा तक्ता विंडोजमध्ये कधी नव्हताच. पश्चिम युरोपीय १२५२ असेल तर बारा बाइटांची बारा परकी अक्षरं होतात. ‘आर’ला ती फाइल सापडत नाही, आणि ‘डब्ल्यू’ तर त्या अगम्य नावाची नवी फाइल बनवून यशस्वी झाल्याचं सांगतो.

उपाय दोन. डब्ल्यूएफओपन हे विंडोजचं खास फंक्शन, नावाआधी अंडरस्कोर असलेलं. त्याला नाव आणि मोड दोन्ही रुंद अक्षरांत, म्हणजे अवतरणाआधी एल लावून द्यायचे. हे फक्त विंडोजवर आहे, तेव्हा इफडेफमध्ये, म्हणजे ‘विंडोज असेल तरच कंपाइल कर’ या अटीत, गुंडाळा. दुसरा उपाय : विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (त्याच्यासोबतच्या माहितीपत्रकात) ॲक्टिव्हकोडपेज यूटीएफ-८ करता येतं, मग साधं एफओपनच चालतं. पण सोर्स फाइलमधलं ‘यादी’ही यूटीएफ-८ मध्येच कंपाइल व्हायला हवं. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरला त्यासाठी यूटीएफ-८ चा स्विच द्यावा लागतो.

कानामात्रा

मोडच्या अक्षरांवर कुणी बोललंच नाही. ‘लिहिण्यासाठी उघडणे’ हा ‘डब्ल्यू’चा अनुवाद धोक्याचा आहे. वही लिहायला उघडली म्हणून मागची पानं कोरी होत नाहीत, इथे होतात, तीही एकही अक्षर लिहायच्या आत. त्याला ‘कोरी करून उघडणे’ म्हणा. ‘ए’ म्हणजे ‘शेवटी भर घालायला’ : मधे जागा बदलणाऱ्या एफसीकने कुठेही जा, लिहिलेलं शेवटीच पडतं. ‘आर+’ म्हणजे आहे ते राखून वाचा-लिहा, फाइल आधीपासून असली पाहिजे. ‘डब्ल्यू+’ म्हणजे कोरी करून लिहा-वाचा. अधिकाच्या चिन्हाला भुलू नका, दोघांत फरक आहे तो जुना मजकूर टिकतो की जातो, हा. आणि २०११ च्या मानकाने दिलेला ‘डब्ल्यूएक्स’ : फाइल आधीच असेल तर उघडायला नकार. त्याला मी ‘नवीच’ म्हणेन.

शून्यान्त

‘आर+’मध्ये वाचून झाल्यावर थेट लिहू नये, मधे एफसीक हवा. लिहून वाचायचं तर एफफ्लश (अडकलेलं लिखाण पुढे ढकलणारं) किंवा एफसीक. ‘वाचा-लिहा’ म्हटल्यावर हे आलटून पालटून कसंही चालेल असं वाटतं.

जाता जाता : उघड्या फाइलची ओळख असलेल्या ‘हँडल’चं ‘हस्तक’ केलेलं दिसतं. हस्तक म्हणजे कुणाचा तरी छुपा माणूस, बातम्यांत पकडला जातो तो. ‘हँडल’ राहू द्या. लिनक्सवर तीच ओळख म्हणजे डिस्क्रिप्टर, त्याला मात्र ‘बिल्ला’ शोभतो. तो साधा छोटा आकडा असतो, ०, १, २ आधीच वाटलेले, आणि नव्या फाइलला मोकळ्यातला सगळ्यात लहान मिळतो. त्यामुळे बंद केलेल्या फाइलचा बिल्ला जपून ठेवला, तर तोच आकडा पुढच्या फाइलला गेलेला असतो आणि तुमचं लिखाण तिच्यात पडतं.

अर्धविराम

बिल्ला घेतला. मॅकचं राहिलं : ‘दुसऱ्या’ या नावाची फाइल मॅकवरून लिनक्सवर आणली, फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसमध्ये दिसते, एफओपन मात्र २ देतं.

उघडझाप

तो ‘ऱ’चा प्रताप. ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकसंध, २२४ १६४ १७७ असे तीन बाइट, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता, २२४ १६४ १७६ २२४ १६४ १८८ असे सहा. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलसिस्टीम नावं सुटी करून साठवायची. कोडमध्ये टाइप केलेला ‘ऱ’ सहसा एकसंध असतो. लिनक्स बाइट जुळवतो, डोळ्यांना दिसणारं अक्षर त्याच्या खिजगणतीत नाही. एलएसचं आउटपुट बाइट दाखवणाऱ्या एक्सएक्सडीत घालून बघा, ते आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतं : जिथे बी१ (१७७) हवा तिथे बी० (१७६) दिसला, तर नाव सुटं आहे. फाइलचं नाव एकसंध ‘ऱ’ने बदलून टाका.