आधी गटारांचा नकाशा, की आधी जेसीबी?

मुठाकाठचा : पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईवर गुऱ्हाळ सुरू होतं. मी म्हणतो, पुण्यातल्या पावसाळी वाहिन्यांचा पूर्ण नकाशा आधी करा आणि लोकांसमोर ठेवा. नुसत्या रेघा नकोत. प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी, पाइपचा व्यास, उतार, पाणी शेवटी कुठल्या ओढ्यात पडतं, सगळं हवं. त्याशिवाय किती पावसाला कुठला चौक तुंबेल हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से.

धनकवडीकर : नकाशानं काय होणार? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. ओढा कुणाला माहीत नव्हता का? कात्रजच्या डोंगरातून येतो, पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला, सगळं ठाऊक. पात्रातल्या भिंती आणि भराव नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्याला जीआयएस, म्हणजे संगणकावरचा नकाशा, कशाला? आणखी एक सल्लागार, आणखी एक अहवाल.

मुठाकाठचा : ओढा दिसतो हो, त्याला मिळणाऱ्या वाहिन्या दिसत नाहीत. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून साधारण ३५ हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी सोडलं. निळी पूररेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, ६० हजार क्युसेकवर आखलेली. तरी नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं. धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचा त्यात वाटा किती, हे कशावरून काढणार? शिवाय नदी चढली की वाहिनीचं तोंड बुडतं आणि पाणी उलटं चेंबरमधून वर येतं. ते कुठल्या गल्लीत, हे पातळ्या असतील तरच कळेल.

धनकवडीकर : राडारोडा टाकून पात्र आवळलं, म्हणून शिरलं. निळ्या रेषेच्या आत इमारती आहेत. ती रेषा नकाशावरच होती ना? कुणी ऐकलं?

साइटवरचा : दोघंही अर्धंच बोलताय. कागदावर सरळ दिसणाऱ्या लाइनीत खाली केबलचे डक्ट घुसलेले असतात. रस्ता सिमेंटचा केला की झाकणंच गाडली जातात. काही ठिकाणी सांडपाणी पावसाळी लाइनला जोडलेलं, म्हणजे पाऊस यायच्या आतच पाइप निम्मा भरलेला. एकदा सर्व्हे करून भागत नाही. खोदाईची परवानगी देतानाच, काम झाल्यावर नोंद सुधारून द्यायची अट घाला. ते कुणी करत नाही, कारण त्यात उद्घाटन नसतं.

सोसायटीवाले : आणि नकाशा जाहीर झाल्यावर आमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक कोण आणणार? आधी उपाय करा, मग नकाशे दाखवा.

धनकवडीकर : वा! म्हणजे घेणाऱ्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहून शोधायचं. नकाशा लोकांना दाखवायचा, एवढ्यापुरता मी मुठाकाठच्यांच्या बाजूचा. बाकी आधी जेसीबीच.

मुठाकाठचा : लावा की, पण कुठे? वरच्या अंगाला ओढा रुंद केला आणि खालचा कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालची मोरी, तेवढाच ठेवला, तर तेच पाणी खालच्या वस्तीत आणखी लवकर पोचेल.