टायलर चिल्डर्स: 'स्नाइप हंटर' ऐकून गोंधळलोय, लाइव्हला जावं का?

ओहायोकाठ:
मंडळी, इथे अमेरिकन कंट्री संगीत ऐकणारे किती आहेत माहीत नाही, तरी विचारतोच. मी सिनसिनाटीत राहतो, पूल ओलांडला की केंटकी, त्यामुळे तिथला कंट्री गायक टायलर चिल्डर्स इकडे शेजारचाच पोरगा समजला जातो. त्याचा २०१७ चा 'पर्गेटरी' अल्बम मी गाडीत इतका ऐकलाय की बायकोला एकही गाणं आवडत नसताना सगळी पाठ आहेत. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो आणि तो ताणलेला डोंगरी आवाज, बस, मला तेवढंच हवं होतं.

आता जुलै २०२५ मध्ये आलेला त्याचा 'स्नाइप हंटर' अल्बम दहाएक वेळा ऐकला आणि अजून काही कळेना. निर्माता रिक रूबिन, आवाजावर इफेक्ट, मागे खरखरीत गिटार, आणि विषय तरी काय, एका गाण्यात मला रेबीज झालाच तर तुला आधी चावेन म्हणतोय, दुसऱ्यात ऑस्ट्रेलियातले कोआला! वाईट आहे असं म्हणत नाही पण माझा टायलर कुठे गेला असं वाटतंय खरं. त्याचा शो जवळपास लागला तर पहिल्यांदाच जायचा विचार आहे, तिकीट स्वस्त नाही, सोबत बायको येणार. जुनी गाणी वाजवतो का? की सगळा नवाच गोंगाट?

जुनीकॅसेट:
तुझ्याशी शंभर टक्के सहमत. माझ्यासाठी टायलर म्हणजे केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या 'रेड बार्न रेडिओ' कार्यक्रमातली ती लाइव्ह रेकॉर्डिंग, पर्गेटरीच्याही आधीची, पोरगा तेव्हा विशीतला. श्वास घेतलेला ऐकू येतो त्यात. मी मोठ्या अरिनातला शो बघितलाय, आमची जागा पार वर, अर्धे शब्द छतात विरून गेले आणि शेजारचे लोक पूर्ण वेळ गप्पा मारत होते. एवढे पैसे घालून मी तरी परत जाणार नाही. छोट्या हॉलमध्ये कधी वाजवलं तर चालत जाईन.

फिडलवेडी:
अहो पण 'माझा टायलर कुठे गेला' हे लोक दर अल्बमला म्हणतात! २०२० मध्ये 'लाँग व्हायोलंट हिस्टरी' काढला, नऊ ट्रॅक, त्यातली पहिली आठ नुसती जुन्या फिडलच्या चाली, शब्दच नाहीत, आणि शेवटच्या एकाच गाण्यात तो बोलतो, तेही पोलिसांच्या हातून मेलेल्या काळ्या माणसांबद्दल, आणि आपल्याच अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातल्या लोकांना विचारतो की हे तुमच्या पोरांच्या बाबतीत झालं असतं तर? किती जण तेव्हा सोडून गेले. मग २०२२ चा 'कॅन आय टेक माय हाउंड्स टू हेवन?', तीच आठ गाणी तीन वेळा, एकदा बँडसोबत सरळ, एकदा ब्रास आणि तंतुवाद्यं घालून, एकदा तुकडे कापून-जोडून. लोक म्हणाले हा काय चावटपणा. मला तर लगेच समजलं, कारण आमच्या गावी एकच अभंग भजनी मंडळाच्या चालीत ऐकलाय, रेडिओवर शास्त्रीय ढंगात ऐकलाय आणि दिंडीत पळत पळत ऐकलाय, तिन्ही वेळा अभंग तोच आणि तिन्ही वेळा वेगळा लागतो. तसंच आहे ते. तिसरी डिस्क मीही फारशी लावत नाही, ते सोडा.

आणि रिक रूबिनला घाबरू नका, जुना कंट्री गायक जॉनी कॅशकडून शेवटच्या वर्षांत ते उघडेबोडके अल्बम करून घेणारा हाच माणूस.

लाइव्हचं म्हणाल तर फूड स्टॅम्प्स हा त्याचा बँड जुनाच आहे. त्यात जेसी वेल्स आहेत, फिडल आणि गिटार दोन्ही वाजवतात, मोरहेड स्टेट युनिव्हर्सिटीत पारंपरिक संगीत शिकवलेले. त्यांच्याकडे लक्ष ठेवा, मी अर्धा शो त्यांच्याकडेच बघत होते.

घुग्घुसचा_पोरगा:
ओहायोकाठ दादा, तुम्ही ज्याला नवा अल्बम म्हणता त्यात 'नोज ऑन द ग्राइंडस्टोन' आहे हे विसरले का? ते गाणं तो कितीतरी वर्षं लाइव्हच गात होता, लोक यूट्यूबवरच्या रेकॉर्डिंगवर भागवत होते, स्टुडिओ अल्बमवर यायला २०२५ उजाडलं. 'ओनायडा' पण तसंच. म्हणजे तुमचा जुना टायलर ह्याच अल्बममध्ये बसलाय.

माझे बाबा वेकोलित, म्हणजे कोळसा खाण कंपनीत होते, तीस वर्षं, रात्रपाळीहून आले की आधी अंगणातल्या नळावर हात-तोंड धुवायचे आणि मग आम्हाला उठवायचे. त्या गाण्यात बाप खाणीत राबतो आणि पोराला सांगतो काम कर, नशेच्या गोळ्यांच्या नादी लागू नको. तिकडे गोळ्या आहेत, आमच्याकडे दारू होती, माझ्या वर्गातले दोघं त्यातच गेले. मी केंटकी बघितलं नाही, कधी बघीन असं पण नाही, पण ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांना फोन लावला आणि काय बोलावं सुचेना म्हणून जेवले का एवढंच विचारलं. अल्बमवरचं ऐकून मला काहीच कमी वाटलं नाही.

ओहायोकाठ:
दादा, तुमचं वाचून ते गाणं परत लावलं. मी त्याला 'जुनं' म्हणून पुढे ढकलत होतो, नवं काय ते शोधायच्या नादात.

बरं, 'तीर्थयात्रा' बद्दल कोणीच बोललं नाही? गाण्याचं नावच तीर्थयात्रा! पैसा आला तर भारतात जाईन, कुरुक्षेत्र बघीन म्हणतोय. मला आधी जरा भीती वाटली, इकडच्या लोकांनी आपला देव घेतला की बहुतेक वेळा अगरबत्ती आणि योगा एवढंच उरतं.

फिडलवेडी:
मला पण तीच भीती होती, पण नाही हो. तो ज्ञानी असल्याचा आव आणत नाही. गीता हातात पडली, वाचली, आता ती जागा बघावीशी वाटते, असं डोंगरातला माणूस बोलेल तसं बोलतो. त्याच्या आधीच्या गाण्यांत चर्च आहे, कुत्र्यांना स्वर्गात नेता येईल का हा प्रश्न आहे, त्याच ओढीतून हे आलंय. दुसऱ्या एका गाण्यात तर हरे कृष्णचा गजर आहे, हेडफोन लावून ऐका.

आणि वहिनींना नक्की न्या. मधे बँड थांबतो आणि तो एकटा गिटार घेऊन बसतो, मी गेले होते तेव्हा त्या वेळी एवढा मोठा अरिना गप्प झाला होता. जागा मात्र वरची घेऊ नका, जुनीकॅसेट म्हणतात ते आवाजाचं खरं आहे, त्यापेक्षा खाली बाजूला थोडी महाग पडली तरी चालेल.

जुनीकॅसेट:
खाली बाजूला मिळाली तर मीही विचार करीन. कोणत्या शहरात बघताय ते टाका इथे.