वाचनालयाच्या माडीवर समकालीन कलासंग्रह: कोकणातली हवा, कागदपत्रं आणि व्हिडिओ

माडीवरचा_कारकून

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर ६०० चौरस फुटांची (२० × ३०) खोली रिकामी आहे. ठिकाण रत्नागिरी, समुद्र दीड किलोमीटरवर. महाराष्ट्रातल्या चाळिशीच्या आतल्या कलाकारांचा छोटा संग्रह तिथे उभा करायचं न्यासाने ठरवलंय. वर्षाला सहा लाख, सलग पाच वर्षं. दोन भिंती बाहेरच्या आहेत, पैकी पश्चिमेच्या भिंतीला जूनपासून ओल धरते. एक एसी आहे, दुपारी चारेक तास चालतो.

विचारायचं असं: सुरुवात कशापासून करावी? खरेदी करताना कलाकाराकडून काय काय लिहून घ्यावं? यादीतली एक कलाकार व्हिडिओ देऊ म्हणते, दुसऱ्याचं काम थेट भिंतीवर कोळशाने केलेलं असतं. असलं काम 'विकत घेणं' म्हणजे नक्की काय घेणं? आणि एका दिवंगत नामवंत चित्रकाराचं 'लिमिटेड एडिशन सेरिग्राफ' साठ हजारांत मिळतंय. नाव मोठं म्हणून विश्वस्तांना ते हवंच आहे.

खिडकीमाऊंट

आधी हवा, मग चित्रं. पावसाळ्यात तुमच्याकडे सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते आणि ६५-७० च्या वर काही दिवस राहिली की कागदावर बुरशी धरायला सुरुवात होते. रोज चार तास एसी लावून बंद करणं हे एसी नसण्यापेक्षा वाईट. कागद दुपारी आकसतो, रात्री फुगतो, चार महिन्यांत माऊंटच्या (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या) आत लाटा दिसू लागतात. त्यात थंड झालेल्या काचेवर दार उघडताच दमट हवा आली की काचेला घाम फुटतो. चित्र काचेला टेकलेलं असेल तर तिथेच चिकटतं.

एसी सोडा, डीह्युमिडिफायर घ्या. खोलीची उंची दहा फूट धरली तर दिवसाला २० ते ३० लिटर क्षमतेचा पुरेल. मात्र छापील क्षमता ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. हवा कोरडी होत गेली की उपसा जवळजवळ निम्म्यावर येतो. टाकी भरली की यंत्र बंद पडतं आणि रविवारी वाचनालय बंद असतं, म्हणून टाकीवर विसंबू नका, नळी काढून मोरीत सोडा. लक्ष्य ५५ ते ६० टक्के ठेवा. पुस्तकातल्या ५० च्या मागे लागून वीजबिल फुगवण्यापेक्षा बारा महिने ५८ वर स्थिर राहणं चांगलं.

फ्रेमिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्या संग्रहात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बाजारात पाठीला एमडीएफ किंवा हार्डबोर्ड लावतात. दोन्हींतून आम्ल सुटतं, शिवाय एमडीएफ पाणी पितं. त्याऐवजी पीपीची (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची) पन्हाळी शीट किंवा एसीपी (ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेली शीट) लावून घ्या. माऊंट आम्लमुक्त, शक्यतो कापसाच्या लगद्याचा. चित्र आणि काच यांच्यात किमान ४ मिलिमीटर अंतर. चित्र माऊंटला फेविकॉलने किंवा मास्किंग टेपने चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ, एवढंच. तुमचा बाइंडर खळीत मोरचूद घालत असेल, त्याला आधीच सांगून ठेवा. किडीपासून पुस्तकाची पाठ वाचते हे खरं, पण तांब्याचे क्षार कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करतात. चित्राच्या कामाला बिनमोरचुदाची खळ.

काच, माऊंट, चित्र आणि पाठ यांच्या कडा ॲल्युमिनियम फॉइलच्या टेपने एकत्र बंद केल्या की आतली हवा बाहेरच्या चढउतारांपासून बरीच सुटते. हे काम जानेवारी-फेब्रुवारीतच करा आणि त्याआधी सगळं सामान दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. जुलैत बंद केलंत तर जुलैची हवाच आत कोंडाल.

पश्चिमेच्या भिंतीवर काही लावू नका. दुसऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावलंच तर फ्रेमच्या चारी कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे देऊन इंचभर फट ठेवा.

माझं मत: पहिल्या वर्षी काहीच विकत घेऊ नका. खोलीत तीन ठिकाणी आर्द्रतामापक लावून जून ते सप्टेंबरचे आकडे वहीत लिहा, खरेदी त्यानंतर. मापक स्वस्तातले असले तर आधी मिठाची चाचणी घ्या. बाटलीच्या बुचात साधं मीठ, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून १२ तास ठेवा. मापकाने ७५ दाखवायला हवेत. जो फरक येईल तो मापकावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

कलम_सत्तावन्न

हवेबद्दल सगळं मान्य, पण वर्षभर थांबायला मान्य नाही. न्यासाचा उत्साह वर्षभर टिकत नाही आणि न वापरलेली तरतूद पुढच्या सभेत रंगकामाकडे वळते. पहिल्या वर्षी मुद्राचित्रं घ्या, म्हणजे कलाकाराने ठशावरून कागदावर छापलेली चित्रं: एचिंग (धातूच्या पत्र्यावरून), लाकूडठसा, लिथो (दगडावरून). आकार लहान, किंमत झेपणारी, आणि फ्रेम न करता आम्लमुक्त पेटीत आडवी ठेवता येतात. फिरायला फार लांब जायला नको. सावर्ड्याचं कला महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, कोल्हापूर जवळ आहे, मुंबईच्या जेजे कलाशाळेचं वार्षिक प्रदर्शन आणि राज्य कला प्रदर्शन आहेच. तुमच्या बजेटच्या संग्रहाला संधी इथेच आहे. विद्यार्थी असताना किंवा नुकता बाहेर पडल्यावर केलेलं काम मोठे संग्राहक सहसा बघत नाहीत.

आता कागदपत्रं. बिलावर 'एक पेंटिंग' असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. कलाकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी), आवृत्ती असेल तर ४/१५ (पंधरा प्रतींतली चौथी) असा क्रमांक, आणि सोबत कलाकाराच्या सहीचं प्रमाणपत्र, त्यावर कामाचा फोटो. काम ताब्यात घेताना कडा, कोपरे, पाठ यांचे फोटो काढून दोघांच्या सह्या. पुढे 'हा डाग आधीचाच' यावरून वाद व्हायला नको असेल तर दुसरा इलाज नाही.

चित्र विकत घेतलं म्हणजे कॉपीराइट मिळाला असं नाही. तो कलाकाराकडेच राहतो, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. वाचनालयाच्या दिनदर्शिकेवर, पिशवीवर, निमंत्रणपत्रिकेवर चित्र छापायचं तर लेखी परवानगी घ्या आणि तिच्यात मुदत व प्रदेश दोन्ही लिहा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. संकेतस्थळावर टाकणार असाल तर हे दोन शब्द महत्त्वाचे. मोबदला देऊन मुद्दाम करून घेतलेल्या चित्राचं मात्र उलट आहे. तिथे वेगळा करार नसेल तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. तरुण कलाकारांना हे बहुधा माहीत नसतं. न्यासाने आपणहून करारात 'कॉपीराइट कलाकाराकडे' असं लिहावं, कलाकारांमध्ये नाव राहतं.

कलम ५७ आणखी पुढे जातं. हक्क विकले तरी आपल्या कामाची मोडतोड झाल्याबद्दल दाद मागण्याचा कलाकाराचा अधिकार उरतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना उरलेले अवशेष परत आणि पाच लाख भरपाई द्यायला लावली. चित्र प्रदर्शनात लावलं नाही म्हणून कुणी खटला भरू शकत नाही. पण फ्रेममध्ये बसावं म्हणून कडा कापल्यात तर भरू शकतो. कडा कापणारे अजूनही आहेत.

पैशांचं थोडक्यात: गॅलरीच्या किमतीतला निम्म्याच्या आसपास भाग गॅलरीचा असतो. कलाकाराला गॅलरी असेल तर तिला डावलून स्टुडिओतून स्वस्तात उचलायला जाऊ नका, संस्थेसाठी सवलत उघडपणे मागा, मिळते. कलाकृतींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुन्या दराचं कोटेशन आलं तर परत पाठवा. सहा लाखांतले साडेतीन-पावणेचार लाखच कामांवर खर्च करा. बाकी फ्रेम, पेट्या, वाहतूक, विमा, फोटो यांत जातात. विमा 'नेल टू नेल' घ्या, म्हणजे तिथल्या खिळ्यावरून उतरल्यापासून तुमच्या खिळ्यावर चढेपर्यंतचा प्रवासही त्यात येतो.

आणि एक पानाचं संग्रहधोरण आधी करा. त्यात पहिलं वाक्य 'भेट स्वीकारली जाणार नाही, समितीचा ठराव असल्याशिवाय'. नाहीतर दुसऱ्या वर्षी 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' सूर्यास्त येऊ लागतील आणि देणारा रोज पेपर वाचायला खाली येत असतो.

दहापट_भिंग

सेरिग्राफपुरतं बोलतो. सेरिग्राफ म्हणजे सिल्कस्क्रीन: प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, शाईचा थर कागदावर बसलेला. दहापट भिंगातून बघा. सलग, सपाट रंग आणि एका रंगाची कड दुसऱ्यावर किंचित चढलेली दिसली तर स्क्रीन. सगळीकडे निळे-गुलाबी-पिवळे बारीक तुषार दिसले तर इंकजेट प्रिंट, म्हणजे चांगल्या कागदावरची प्रतिकृती. पुढचा प्रश्न सहीचा. पेन्सिलीची सही तिरप्या उजेडात चमकते आणि कागद किंचित दाबलेला दिसतो, छापलेली सही सपाट राहते. चित्रकार गेल्यानंतर काढलेली आवृत्ती असेल तर ती कुणी, कुणाच्या परवानगीने, किती प्रतींची काढली हे लेखी मागा. '२५०+' असलं उत्तर आलं की विषय संपला. साठ हजारांत तुम्हाला तरुणांची पाच-सहा अस्सल मुद्राचित्रं येतील. विश्वस्तांना मोठं नावच हवं असेल तर त्या चित्रकाराचं पुस्तक खाली वाचनालयात घ्या.

लूप_चालू

व्हिडिओ घ्या, घाबरू नका. बुरशी लागत नाही, हा कोकणात मोठा गुण. व्हिडिओची आवृत्ती सहसा ३ किंवा ५ ची असते, वर एक-दोन कलाकाराच्या स्वतःच्या प्रती. तुम्हाला मिळायला हवं ते असं: मास्टर फाइल (प्रोरेस ४२२ एचक्यू, म्हणजे दर्जा राखणारा मोठ्या आकाराचा व्हिडिओ फॉरमॅट), रोज चालवायची एमपी४ प्रत, प्रमाणपत्र आणि मांडणीची सूचनापत्रिका. फुल एचडी प्रोरेसला मिनिटाला साधारण १.४ जीबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांचं काम १४ जीबी. फक्त पेनड्राइव्हवर एमपी४ देत असतील तर तो संग्रह नव्हे, पाहायला दिलेली प्रत. तीन ठिकाणी साठवा, त्यातलं एक रत्नागिरीबाहेर. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बिघडली की बदलणारा, संगणकाने काढलेला आकडा) काढून प्रमाणपत्राच्या मागे लिहा, वर्षातून एकदा पुन्हा जुळवून बघा. न जुळलेली प्रत टाकून चांगल्यावरून नवी करा. हार्डडिस्क पाच वर्षांनी बदला, चालत असली तरी.

दाखवताना टीव्ही घात करतो. कडा कापणारं ओव्हरस्कॅन आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग दोन्ही बंद करा, जुनं ४:३ (जुन्या चौकोनी पडद्याच्या आकाराचं) काम ताणू नका. लूप जोडताना क्षणभर काळा पडदा येतो, तो कलाकाराला चालतो का हे विचारा. काहींना तो हवा असतो.

भिंतीवरच्या कोळशाच्या कामात तुम्ही विकत घेता तो अधिकार: ते काम पुन्हा करण्याचा, किंवा एकदाच करून पुसण्याचा. चित्रकार नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर काढलेलं 'सिटी ऑफ डिझायर्स' प्रदर्शन संपल्यावर पुसलं गेलं. पुसणं हा कामाचाच भाग होता. तेव्हा करारात हे प्रश्न हवेत: पुन्हा काढायचं तर कलाकारानेच की सूचनेवरून दुसऱ्याने चालेल? कलाकाराच्या पश्चात काय? भिंतीचा आकार बदलला तर? चुना की प्लास्टिक पेंट? पुसल्यावर उरलेले फोटो ही कलाकृती की नोंद? खरेदीच्या दिवशीच अर्ध्या तासाची मुलाखत फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. लोखंड, केस, शेण, कुंकू असल्या साहित्याच्या कामांनाही हेच लागू. अतुल डोडिया यांच्या दुकानाच्या शटरवरच्या इनॅमल चित्रांचं उदाहरण घ्या. शटर वर केलं की मागे दुसरं चित्र. अशा वस्तूचं शटर दिवसातून किती वेळा उघडायचं, कुणी उघडायचं, रंग घासला तर डागडुजी करायची की तसाच ठेवायचा, हे कलाकाराशिवाय कुणी सांगू शकत नाही. समुद्राजवळ तर गंजाचाही प्रश्न.

ॲक्रिलिक कॅनव्हास येणार असतील तर वाहतूकदाराला सांगा, बबलरॅप रंगाला टेकवू नको. आपल्या उन्हाळ्यात ॲक्रिलिकचा थर मऊच असतो. टेम्पोत सहा तासांत फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि ते निघत नाहीत. चित्राच्या पुढे लाकडी चौकट बसवून, रंगाला काहीही न टेकवता आणायचं.

माडीवरचा_कारकून

सगळ्यांचे आभार. सेरिग्राफ बारगळलं. तीन मापक आणले, मिठाची चाचणी केली. दोन ७४-७५ दाखवतात, तिसरा ६८. नेमका तोच पश्चिमेच्या भिंतीजवळ लावला होता आणि काल तिथे ८१ होते. मांडणीचंही विचारायचं राहिलं: किती कामं लावावीत?

खिडकीमाऊंट

मग काल तिथे खरे ८८ च्या आसपास होते. ती भिंत रिकामीच ठेवा, आणि तिच्यापासून हातभर अंतर सोडून व्हिडिओचा पडदा उभा करा. ती जागाही कामी येईल.

उरलेल्या भिंतींवर १२ ते १४ कामं, त्याहून जास्त नाहीत. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर. शाळकरी मुलं जास्त येत असतील तर १३५ ठेवलात तरी मोठ्यांचं बिघडत नाही. कागदावरच्या कामांना ५० लक्स (उजेडाचं माप, म्हणजे मंदच उजेड), तीन-चार महिने लावून मग पेटीत विश्रांती. त्या निमित्ताने वर्षातून तीन मांडण्या होतात आणि लोक पुन्हा माडी चढतात. लेबल मराठीत, १८ पॉइंटपेक्षा लहान नको, माध्यम नीट लिहा: 'कागदावर लाकूडठसा'. 'मिश्र माध्यम' लिहून सुटू नका, त्यात काय काय मिसळलंय तेच दहा वर्षांनी डागडुजी करणाऱ्याला हवं असतं.