विंडोजचा 'आवश्यक' डेटा: बंद करायचं बटण आपल्यालाच का नाही?

निळी शाई
विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बरेच जण नाइलाजाने 11 वर गेले, म्हणून विषय काढतोय. सेटिंग्जमध्ये 'डायग्नोस्टिक डेटा' बघा, म्हणजे मशीन कसं चालतंय याची मायक्रोसॉफ्टला आपोआप जाणारी माहिती. ऐच्छिक डेटा बंद करता येतो, 'आवश्यक' येत नाही. होममध्ये नाही, जास्त पैसे मोजून घेतलेल्या प्रोमध्येही नाही. एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत मात्र तो पूर्ण बंद करायची सोय आहे. म्हणजे डेटा न पाठवताही विंडोज व्यवस्थित चालतं, हे कंपनीलाच मान्य आहे. मग आवश्यक कुणाला? डेटा जातो याबद्दल माझी तक्रार नाही. मला विचारत नाहीत, ही तक्रार आहे.

टेक्निकल काका
आधी काय जातं ते तर बघा. मशीनचं मॉडेल, रॅम, ड्रायव्हरच्या (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आवृत्त्या, अपडेट बसलं की फसलं. तुमची पत्रं कुणी वाचत नाही. डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर फुकट मिळतो, त्यात सगळं दिसतं. मोठ्या कंपनीत अपडेट आधी चार मशीनवर तपासणारा आयटीवाला असतो, म्हणून तिथे बटण दिलंय. घरी कोण तपासणार? 2018 च्या ऑक्टोबरचं अपडेट काही लोकांच्या फायली उडवत होतं, ते तातडीने थांबवावं लागलं. असल्या भानगडी लवकर कळाव्यात म्हणून तर हा डेटा लागतो.

निळी शाई
काका, दाखला तुमच्यावरच उलटतोय. फायली उडाल्याच्या तक्रारी लोकांनी चाचणीच्या काळातच मायक्रोसॉफ्टच्या फीडबॅक हब या तक्रारींच्या ॲपवर हाताने लिहिल्या होत्या. त्या नजरेतून सुटल्या आणि अपडेट बाहेर पडलं. टेलिमेट्री, म्हणजे हा आपोआप जाणारा डेटा, तेव्हाही चालूच होती की!

टेक्निकल काका
एक चूक सुटली म्हणून हजारो ड्रायव्हरच्या क्रॅशची माहिती कचऱ्यात टाकायची? निळी स्क्रीन आली की शिव्या द्यायला हेच लोक पुढे.

शेरेबाज
यूपीआय, नकाशे, कॅब, सगळ्या ॲप्सना फोनवर डोळे मिटून परवानग्या द्यायच्या आणि लॅपटॉपच्या ड्रायव्हरवर एवढा काथ्याकूट. चालू द्या. 🍿

जमाखर्च
शेरेबाज, फोनवर माझ्या अशिलांचे ताळेबंद नसतात, लॅपटॉपवर असतात. ऐच्छिक डेटा चालू असेल तर प्रोग्राम कोसळतानाची मेमरीची स्थितीही जाऊ शकते आणि तीत उघड्या फाइलचा तुकडा चुकून येऊ शकतो. हे मायक्रोसॉफ्टच लिहितं. सेटअप करताना दुकानातला पोरगा 'पुढे, पुढे' दाबत जातो, त्याला या 'ऐच्छिक'चं काय पडलंय? माझ्या धंद्यात ही गंमत नाही.

टेक्निकल काका
हा मुद्दा रास्त आहे. अशिलांचा डेटा असलेल्या मशीनवर ऐच्छिक बंदच हवा. पण त्याला बटण आहे. वाद 'आवश्यक'चा चाललाय.

पेंग्विनप्रेमी
विंडोज काढून लिनक्स टाका, विषय संपला.

शेरेबाज
तुमच्या लिनक्समधलंच उबुंटू 12.10 आठवतंय का? डॅशमध्ये, म्हणजे त्याच्या शोधखिडकीत, आपली फाइल शोधायला जावं तर टाइप केलेले शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जायचे आणि ॲमेझॉनचा माल समोर यायचा. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमननी त्याला सरळ स्पायवेअर (हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) म्हटलं होतं.

पेंग्विनप्रेमी
आणि बोंब झाली म्हणून 16.04 मध्ये ते आपोआप चालू राहणं थांबलं. सोर्स कोड सगळ्यांना उघडा होता, नको त्याला काढून टाकता येत होतं. मॅकवाल्यांना विचारा: 12 नोव्हेंबर 2020 ला ॲपलचा एक सर्व्हर अडखळला आणि लोकांच्या स्वतःच्या मशीनवरची ॲप्स उघडेनात. ॲप उघडताना मॅक ॲपलकडे सर्टिफिकेट तपासतो, हे बहुतेकांना त्या दिवशी कळलं.

टेक्निकल काका
ती तपासणी मालवेअर रोखायला असते. टेलिमेट्रीत तिची खिचडी करू नका.

निळी शाई
बरं, टेलिमेट्रीचंच घ्या. 2016 च्या जुलैत फ्रान्सच्या सीएनआयएलने, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षण नियामकाने, मायक्रोसॉफ्टला दिलेली नोटीस जाहीर केली. कुठली ॲप्स उतरवली, प्रत्येकावर किती वेळ घालवला, हेसुद्धा गोळा होत होतं. नोटिशीनंतर 'बेसिक' पातळीचा (आजच्या 'आवश्यक'चं तेव्हाचं नाव) डेटा जवळपास निम्म्यावर आला आणि जून 2017 मध्ये प्रकरण मिटलं. जो निम्मा गेला, तोही आदल्या वर्षी 'आवश्यक'च होता ना?

टेक्निकल काका
म्हणजे नियामकाने काम केलं. आपल्याकडेही 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये आले. तिथे तक्रार करा.

जमाखर्च
कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्या नियमांत 18 महिन्यांची मुदत आहे, काका. तोवर?

टेक्निकल काका
तोवर ऐच्छिक बंद करा आणि व्ह्यूअर उघडून बघा. त्यात तुमच्या ताळेबंदाची एक ओळ सापडली तर इथे टाका, मी शब्द मागे घेईन.