'ब्रश स्क्रिप्ट'ला मराठीत काय म्हणाल?

अक्षरखोर: एका टाइपफेसचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ब्रशने झरझर लिहिल्यासारखा, कडा फाटलेल्या, पोस्टरच्या मथळ्यांसाठी. मी 'खडबडीत कुंचला-लिपी' लिहिलं तर संपादकबाईंनी लिपीभोवती लाल गोल केला. म्हणे लिपी म्हणजे देवनागरी, मोडी वगैरे. मग स्क्रिप्टला काय लिहू?

टाकदौत: बाईंचं बरोबर आहे. टाइपवाल्यांच्या भाषेत स्क्रिप्ट म्हणजे हाती लिहिल्यासारखं अक्षर. आपल्याकडे 'वळण' आहे की! कुंचला-वळण.

बाराखडी: वळण म्हटलं की घोटलेलं, कित्ता गिरवलेलं अक्षर डोळ्यापुढे येतं, इथे नेमकं उलट. आणि खडबडीत हाताला लागतं, आकार बिघडला तर ओबडधोबड. हे दोन्ही नाही. रंग संपत आलेला ब्रश ओढला की रेघेच्या शेवटी केसाकेसाच्या पांढऱ्या फटी सुटतात ना, ते आहे हे.

पाटीवाला: बोर्ड रंगवायचो तेव्हा आम्ही सरळ फटकारा म्हणायचो. 'फटकारा अक्षर' लिहा, विषय संपला.

उगाचएक: फराटा का नको?

पाटीवाला: 'फराटे' हे मास्तर म्हणतात, वही फेकताना. फटकाऱ्याला सरावलेला हात लागतो.

टाकदौत: कुंचला मूळ संस्कृत कूर्च, म्हणून माझं मत 'कूर्चाक्षर'.

बाराखडी: दाढीलापण कूर्चच म्हणतात हो संस्कृतात 😄 दाढीअक्षर करा मग. 'ब्रश स्क्रिप्ट' तर नावच आहे एका टाइपचं, १९४२ सालचा, रॉबर्ट स्मिथने अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीसाठी केलेला, त्यामुळे तसंच देवनागरीत ठेवलं तर लोक तोच समजतील एवढं मात्र बघा.

अक्षरखोर: नाही, हा नवाय. यात एकाच अक्षराची दोन-तीन रूपं दिलीत, नाहीतर शेजारीशेजारी दोन 'म' आले आणि दोघांचा पाय एकाच जागी फाटला की खोटेपणा लगेच कळतो. शिरोरेषेचे तर हालच, सांध्यावर दोन्ही टोकं खरबरीत असली की मध्ये भोक दिसतं.

बाराखडी: 'खरबरीत'! वापरा की हाच.

उगाचएक: पण टाइपफेसला 'फॉन्ट' का नाही म्हणत? सगळे तेच म्हणतात.

टाकदौत: फॉन्ट म्हणजे ओतलेला, फ्रेंचमधल्या वितळवण्याच्या शब्दावरून. शिसं ओतून छपाईचे खिळे पाडायचे तेव्हाचं ते. आता कुठलं शिसं? टंक म्हणा.

पाटीवाला: टंक म्हटलं की मला टंकलेखन परीक्षा आठवते, पोटात गोळा येतो. खिळा काय वाईट होता?

उगाचएक: बरं, पण फॉन्टचं अनेकवचन फॉन्टच ना? फॉन्ट्स लिहिणाऱ्यांनी मग टेबलचं टेबल्स करावं.

टाकदौत: आधी फॉन्ट की फाँट ते ठरवा.