मे महिन्यात सायकल, तंबू आणि कयाक, तिन्ही एकाच वीकेंडला जमेल का? (पुण्याहून, मुलाबाळांसकट)

कर्वेनगरची_मी

नमस्कार मंडळी. विषय जुनाच आहे पण शोधल्यावर जे धागे मिळाले ते एकतर पट्टीच्या सायकलवाल्यांचे, नाहीतर पवनेला बार्बेक्यू आणि म्युझिक कुठे चांगलं असले, म्हणून नवीन काढतेय.

आम्ही तीन कुटुंबं, नवऱ्याच्या कॉलेजच्या ग्रुपमधली. मुलं ८, १० आणि १३ वर्षांची. शिवाय सासूबाई, वय ६७, "तुम्ही सगळे जाणार आणि मी घरी कुंड्यांना पाणी घालत बसू का" म्हणाल्यात म्हणजे त्या येणारच, आणि मलाही त्या हव्यातच. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत एक शनिवार-रविवार काढायचाय. डोक्यात असंय की शनिवारी सायकलने जायचं, पाण्याकाठी तंबूत राहायचं, रविवारी कयाकिंग करून परत सायकलनेच घरी. मोठ्यांपैकी दोघांना सायकलची सवय आहे, बाकीचे आम्ही सोसायटीत राउंड मारणारे. पोहता येतं फक्त दोघांना. गाडी एक बरोबर असेलच, सासूबाई आणि सामान त्यात.

धरण कुठलं निवडावं, पानशेत, मुळशी का पवना? आणि उन्हाचं काय करायचं? माहेरचे सगळे वेड्यात काढतायत.

चढावर_दुसरा_गिअर

वेड्यात काढतायत ते बरोबरच आहे थोडं :) पण जमेल. एकच अट, सायकल एका बाजूनेच. येताना सायकली गाडीवर आणि माणसं गाडीत, त्यासाठी दुसरी गाडी लागली तरी न्या. रविवारी दुपारी उन्हात दमलेल्या आठ वर्षांच्या पोराला चढावर सायकल चालवायला लावलीत तर ते पोर पुढची पाच वर्षं सायकलला हात लावणार नाही.

रस्त्याचं म्हणाल तर मुळशीकडे चांदणी चौकातून जावं लागतं. नवीन पूल झाल्यापासून चौक सुटलाय पण पुढे भूगाव, भुकूम आणि पिरंगुटचा घाट, तिथे एमआयडीसीचे कंटेनर आणि वीकेंडच्या गाड्या एकत्र येतात. मोठ्यांसाठी ठीक, लहान मुलांबरोबर मी तरी नाही जाणार. पानशेत रोड त्या मानाने बरा. पुणं ते पानशेत चाळीसेक किलोमीटर होतं पण तुम्ही डोणजे फाट्यापर्यंत गाडीनेच या, कारण खडकवासल्याच्या चौपाटीची गर्दी आणि सिंहगडवाल्यांची गर्दी तिथवरच असते, फाट्याला सिंहगडवाले डावीकडे वळले की रस्ता मोकळा होतो. पुढे उजव्या हाताला बॅकवॉटर अधूनमधून दिसत राहतं, चढउतार आहेत पण दम काढणारे नाहीत, खानापूरला चहा. मेमध्ये रस्त्याकडेला करवंदं-जांभळं घेऊन बायका बसलेल्या असतात, मुलांना सांगा पुढचा स्टॉप करवंदं, मग बघा कशी चालवतात.

निघायचं पण उजाडता उजाडता. सूर्य सहाला उगवतो या दिवसांत, साडेनऊच्या आत मुक्कामाला टेकायचं. पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं, नुसतं पाणी पीत राहू नका, ओआरएसची पुडी एक लिटरला एक, अर्ध्या बाटलीत ओतून घट्ट पाणी करू नका. १३ वर्षांच्याची सायकल गिअरची असेल तर उत्तम. आठ वर्षांच्याची सीट आधी बघा, निम्म्या मुलांची सीट इतकी खाली असते की गुडघे हनुवटीला लागतात आणि मग मुलगा दमला म्हणून आपण ओरडतो.

निवांत_नारायण

मे महिन्यात कशाला? डिसेंबरमध्ये जा की. थंडी, पाणी भरलेलं, हवा स्वच्छ.

कर्वेनगरची_मी

@निवांत_नारायण डिसेंबरमध्ये शाळा, क्लास, स्नेहसंमेलन आणि तिन्ही नवऱ्यांची इयर एंड क्लोजिंग. मे म्हणजे मे :(

ओलेता

मी सायकलवाला नाही, पाण्यातला आहे, त्यामुळे तेवढंच बोलतो.

पानशेतचा रस्ता चांगला हे मान्य, पण मेमध्ये पानशेतचं पाणी कुठे असतं ते पण बघा. पुण्याचं पिण्याचं पाणी म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. खडकवासला लहान धरण, त्यात वरून पाणी सोडत राहतात, म्हणजे उन्हाळ्यात खाली जातात ती वरची धरणं. मेअखेरीला तुम्ही पाण्याकाठी म्हणून जिथे उभे राहाल तिथून पाणी बरंच लांब आणि मध्ये उघडा पडलेला उतार. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो आणि पाण्याजवळ गेलं की पाय गुडघाभर गाळात. मुलांना तिथे मोकळं सोडू नका. बाकी कुठल्याही धरणात तेच, खाली जुन्या गावाच्या विहिरी, ताली, बांध आहेत, कंबरभर पाणी म्हणता म्हणता एका पावलात डोक्यावर जातं. दर उन्हाळ्यात पेपरात ज्या बातम्या येतात त्या बहुतेक कयाकवाल्यांच्या नसतात, "जरा पाय भिजवून येतो" वाल्यांच्या असतात.

आता कयाकचं. तुमच्यात पोहणारे दोनच आहेत याची मला फार काळजी वाटत नाही, लाइफ जॅकेटची वाटते. जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का हे तिथेच बघायचं: सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर उचला, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्याचं नाही, दुसरं मागा. लहानांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो तो बांधायचाच. "काका काही होत नाही, पाणी कमी आहे" म्हणणारा माणूस भेटला तर पैसे परत घ्या आणि निघा. कयाक उघडी घ्या, जिच्यावर नुसतं वर बसतात, उलटली तर माणूस आत अडकत नाही. मुलं पुढे, मोठा मागे. वल्हं घट्ट धरून दंडाने ओढत बसलात तर दहा मिनिटांत हात भरून येतील, कमरेतून वळायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट वारा. ही मंडळी ऊन ऊन करतायत पण कयाकला उन्हापेक्षा वारा वाईट. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी दोन-तीननंतर पश्चिमेकडून वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत. नवशिक्या माणसाला त्या वाऱ्यावर परत येता येत नाही, कयाक समोरच्या काठाला जाऊन लागते आणि मग फोनाफोनी. म्हणून पाण्यात साडेसहाला उतरा, नऊला बाहेर. सकाळी जरी थोडी झुळूक असली तरी जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो ढकलत आणतो.

मेच्या उत्तरार्धात वळवाचा पाऊस. चार वाजता आभाळात काळं दिसायला लागलं की तासाभरात धुमाकूळ. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. तंबूत पण बसायचं नाही तेव्हा, गाडीत बसा काचा लावून. एकट्या झाडाखाली तर अजिबात नाही.

चढावर_दुसरा_गिअर

@ओलेता पाण्याचं पटलं. मग पवना म्हणताय का? तिकडे कर्वेनगरातून पौड, कोळवण, हाडशी, जवण करून तिकोना पेठेला निघतो रस्ता, पन्नासेक किलोमीटर. आमच्यासारख्यांचा फार लाडका रस्ता आहे, पिरंगुटचा घाट एकदा मागे पडला आणि पौडला कोळवणकडे वळलात की वाहनं एकदम कमी. पण हाडशीच्या पुढे चढ आहेत, मुलं कोळवणपासून बसवा सायकलवर. आणि कोणी एक्सप्रेसवेने पटकन जाऊ म्हणालं तर तिथे सायकलला आणि टू-व्हीलरला बंदी आहे, जुना हायवे घ्या.

मावळी_माणूस

मी पवनेकाठचाच. बोलू का थोडं.

पवनेचं पाणी पण उतरतं, पिंपरी-चिंचवडला पाणी इथूनच जातं. पण इथे त्याचा एक फायदा आहे. पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ बाहेर येतं, एरवी पाण्याखाली असतं. दगडी, जुनं, गाळाच्या रेघा अंगावर तशाच. मेमध्ये पायी जाता येतं. मुलांना दाखवा. समोर तुंग, तिकोना, पलीकडे लोहगड, विसापूर, एका जागी बसून चार किल्ले. आजींना तर हेच आवडेल बघा, कयाकमध्ये बसल्या नाही तरी.

तंबूचं सांगतो. पाण्याच्या अगदी कडेला लावू नका, फोटोला चांगलं असतं फक्त. वाळलेल्या गाळात खुंट्या धरत नाहीत, संध्याकाळचा वारा आला की तंबू आमच्या बांधावर येऊन पडतात, आम्ही गोळा करून देतो. वर गवताळ जागेत, आंब्याची किंवा जांभळाची सावली पूर्वेकडून येईल असं बघा, नाहीतर सकाळी सातला आत भाजायला होतं. वाळकी फांदी डोक्यावर नको. रात्री वरचं कापड काढून ठेवा हवेसाठी, पण हाताशी ठेवा. बूट सकाळी झटकून घाला, विंचू असतात.

शेकोटी नको. मेमध्ये गवत नुसतं पेट घ्यायची वाट बघत असतं, वणवा लागला की आमच्या जनावरांचा चारा जातो, करवंदीच्या जाळ्या जातात. काय शिजवायचं ते गॅसवर. काचेच्या बाटल्या आणू नका, त्याच जमिनीत जुलैमध्ये आम्ही अनवाणी भातलावणीला उतरतो. कॅम्पवाले रात्री मोठ्याने गाणी लावतात, ते तुम्हाला नको असेल तर बुक करताना सरळ विचारा, एखाद्या घरगुती जागेत, शेतात परवानगीने तंबू लावता येतो, पिठलं-भाकरी पण मिळते.

निवांत_नारायण

कोलाडला का जात नाही? ताम्हिणी उतरलं की झालं. नदी आहे, पाणी वाहतं, मजा येते.

ओलेता

@निवांत_नारायण कोलाड भारी आहेच पण त्यांच्यासाठी नाही. तिथल्या कुंडलिका नदीला उन्हाळ्यात पाणी असतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं. गंमत म्हणजे ते पाणी आपल्या मुळशी धरणाचंच, सह्याद्रीतून बोगद्याने खाली कोकणात जातं, वीज करतं आणि मग नदीला मिळतं. ते सोडलं की राफ्टिंग, नाही सोडलं तर काठावर बसून वडापाव. आणि लहान मुलांना बहुतेक ठिकाणी राफ्टमध्ये घेत नाहीत. शिवाय मेमध्ये कोकणातली रात्र, तंबूत, घाम... सासूबाई परत बोलणार नाहीत.

काकू_डेक्कनवाल्या

मी सासूबाईंच्या बाजूने लिहितेय, वय त्यांच्याएवढंच. बाई, त्यांना खाली बसता येतं का हे आधी विचार. तंबूत आत-बाहेर करायला गुडघे लागतात, आणि रात्री उठावं लागतं त्याचं काय? संडास किती लांब आहे हे बुक करताना विचारायचा पहिला प्रश्न, कयाक नंतर. घडीची खुर्ची आणि घडीची खाट न्या, तंबूपेक्षा झाडाखाली खाटेवर जास्त छान झोप लागते. मच्छरदाणी विसरू नका.

खायचं म्हणशील तर दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, कैरीचं पन्हं घट्ट करून बाटलीत. पोळीभाजी दुपारपर्यंत आंबते या उन्हात, दहीभात तर नेऊच नकोस. एक बाटली कोकम आगळ, त्यात पाणी-साखर-मीठ घातलं की झालं. त्यांच्या बीपीच्या गोळ्या तुझ्या पर्समध्ये, त्यांच्या नाही, आणि ओआरएस त्यांना द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचार, त्यात मीठ असतं.

आणि त्यांना कयाकमध्ये बसायचं का ते पण विचार हं. आम्हाला कोणी विचारतच नाही.

कर्वेनगरची_मी

काकू :D विचारलं. "बसेन की, पण पुढे मी" म्हणाल्या.

सगळ्यांचे आभार. आता ठरतंय ते असं: पवना. शनिवारी पहाटे गाड्यांनी कोळवणपर्यंत, तिथून सायकल, जे दमतील ते गाडीत. दहाच्या आत सावलीत. दुपारी झोप आणि पत्ते, संध्याकाळी ऊन उतरल्यावर देवळापर्यंत चालत, पाण्यात नाही म्हणजे नाही. रविवारी साडेसहाला कयाक, नऊला बाहेर, नाश्ता करून गाडीने परत. वळीव आलाच तर गाडीत. मेच्या शेवटापेक्षा दुसऱ्या आठवड्यात जायचं असं नवरा म्हणतोय.

फक्त एक राहिलं, सात सायकली आणि दोन गाड्या. मागे लावायचं कॅरियर भाड्याने घेतोय, तीन बसतात एकावर. सातवीचं काय? आणि पोलीस अडवतात का?

चढावर_दुसरा_गिअर

सातवी म्हणजे आठ वर्षांच्याची ना? पुढचं चाक काढा, सीट खाली दाबा, डिकीत बसते, खाली जुनी चादर घाला नाहीतर चेनचं ग्रीस दशम्यांना लागेल. अडवण्याचं म्हणाल तर मागची नंबर प्लेट आणि टेल लॅम्प झाकले जातात तेव्हा भानगड होते, सायकली लावून झाल्या की मागे उभं राहून दोन्ही दिसतायत का बघा, नसतील तर कॅरियर वर सरकवा. जड सायकल आधी, गाडीला चिकटून. कॅरियरच्या पट्ट्यांवर विसंबू नका, वरून एक साधी दोरी बांधा आणि कोळवणच्या अलीकडे एकदा उतरून ताण बघा, पट्टे सैल होतात.